पिसाळलेलं कुत्रं आणि चुडाव्याचे मामा

परभणी जिल्ह्यात कुत्रं कुणालाही चावो, धावपळ मात्र माझ्या चुडाव्याच्या मामांची व्हायची. मामा चुडावा स्टेशनावर पॉइंटमन होते. गाड्यांचे सांधे बदलणं हे त्यांचं सरकारी काम. पण ते पोटापुरतं, असं त्यांचं मत. माणसांना कुत्र्यांपासून आणि कुत्र्यांना माणसांपासून वाचवणं हे खरं काम. गाडीतून कुणी लंगडत उतरलं, की मामा हिरवी झेंडी बगलेत मारून त्याच्यापुढं उभे. "काय झालं? कुत्रं का?" तो बिचारा म्हणायचा, "न्हाई हो, नवी चप्पल चावायली." यावर मामांचा सहजासहजी विश्वास बसत नसे. चप्पल काढायला लावून, टाच निरखून, मगच ते त्याला जाऊ देत. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांना नवरदेवाच्या पोटरीवर ओरखडा दिसला आणि भर मांडवात त्यांनी विचारलं, "पाहुण्यांचं ऱ्हाऊ द्या, आधी ह्याला कशानं धरलं ते सांगा." ओरखडा बाभळीच्या काट्याचा निघाला, पण तोवर बातमी नवरीकडं पोचली होती. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत नवरीची आजी नवरदेवाला दोनदा पाणी पाजून बघून गेली.

बाकी कुठल्याच बाबतीत मामांचं ऐकण्यात अर्थ नव्हता. वांग्यानं बुद्धी मंद होते, उभ्यानं चहा प्यायला की तो थेट गुडघ्यात उतरतो, इंजिनाच्या धुरानं छाती मोकळी होते, असे त्यांचे एकेक सिद्धांत होते. मामींना खोकला झाला की ते त्यांना फलाटावर नेऊन इंजिनाच्या बाजूला उभं करायचे. मामी अजून जास्त खोकत घरी यायच्या. "बघ, सुटायलाय कफ," मामा समाधानानं म्हणायचे. पण कुत्रं चावलं म्हटल्यावर या माणसाचे सगळे सिद्धांत बंद. तिथं एकच कायदा. जखम वाहत्या पाण्याखाली धरायची, साबण लावून हात दुखेपर्यंत धुवायची आणि पहिली गाडी पकडून परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत तेव्हा. लोक त्या नावानंच गळून जात आणि कुणी जखमेत मिरची भरत, कुणी चुना लावत, कुणी मंत्र घालायला जात. मामा ओरडायचे, "मंतर नको, मिरची नको, चुना नको. साबण, पाणी आन् परभणी!"

हे वेड आलं कुठून, ते मामींनी मला सांगितलं. मामांच्या बरोबरीनं रेल्वेत लागलेला त्यांचा एक दोस्त होता. त्याला कुत्रं चावलं, बारीकसाच दात लागला होता. घरच्यांनी अंगारा लावला, जखम भरली, तो कामावर आला आणि सगळे विसरून गेले. पुढं कधीतरी त्याला पाणी जाईना. तहान लागायची, तांब्या समोर धरला की गळा आवळायचा. मामा शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होते. "घरी आले आन् माठाकडं बघून बसले," मामी म्हणाल्या.

अशा माणसानं कुत्र्यांचा द्वेष करायचा, पण मामांचा जीव होता तो कुत्र्यातच. त्यांच्याकडं एक पांढरा-तांबडा गावठी कुत्रा होता. गाडी सुटली की तो फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर पळायचा आणि शेवटचा डबा पुढं गेला की एकदाच भुंकायचा. म्हणून त्याचं नाव गार्ड. मामा त्याला 'गार्डसाब' म्हणत आणि अहोजाहो करत. आम्हा भाच्यांना मात्र "ए टोणग्या" अशी हाक. मामी भाकरी थापायला बसल्या की पहिली गार्डसाबची. मामा विचारायचे, "साब जेवले का?" मामी तव्यावरून मान न उचलता म्हणायच्या, "साब जेवले, आता हमाल जेवा."

मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा परभणीला खोली करून कॉलेजात शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुडाव्याला गेलो होतो, तेव्हाच हे घडलं. सकाळची वेळ. रुळाच्या कडेनं एक काळं कुत्रं आलं. मान खाली, तोंडातून लाळेच्या तारा, चाल अशी की समोर काय आहे ते त्याला दिसतच नाही. स्टेशनाच्या नळावर सोनाबाई पाणी भरत होती. ही शेजारच्या मेंढपाळाच्या घरची सून. नवरा मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेला, घरी ती आणि म्हातारा सासरा. आम्ही ओरडेपर्यंत कुत्र्यानं तिची पोटरी धरली. कुठून कोण जाणे, गार्ड झेपावला. दोन्ही कुत्री धुळीत लोळली. काळं कुत्रं सुटून पळालं, पुढं नाल्यात लोकांनी त्याला काठ्यांनी मारलं. मामांनी धावत जाऊन गार्डला छातीशी उचललं. त्याच्या मानेतून रक्त येत होतं. क्षणभरच मामा तसे उभे राहिले, मग त्यांनी त्याला खांबाला बांधलं आणि सोनाबाईचा पाय नळाखाली ओढला.

"साबण आण!" मामा माझ्यावर ओरडले. ते धूत राहिले, सोनाबाई रडत राहिली, आणि एवढ्यात सासरा आला. त्याच्या हातात पितळेची थाळी होती. त्याच्या ओळखीचा एक बाबा थाळी मंतरून पाठीला चिकटवायचा. विष असेतोवर थाळी चिकटून राहते, विष उतरलं की गळून पडते, अशी त्याची खात्री. "आमच्यात हेच करत्यात," म्हातारा म्हणाला. "सून माझी हाय. सुयांनी तिच्या पोटाची चाळण न्हाई करू देणार."

मला वाटलं, आता मामा कडाडणार. पण ते हात जोडून उभे राहिले. ओले, साबणानं भरलेले हात. "आबा, थाळी बी करा. मी न्हाई कुठं म्हणलं? पर परभणीला चला. थाळी संगं घ्या. तिथून आल्यावर बाबाकडं जावा. माझ्या दोस्ताच्या वक्ताला मी गप बसलो होतो. आज न्हाई बसणार." म्हातारा सुनेकडं बघायला लागला. सोनाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मामंजी, चला. मला जगायचंय."

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. मामांनी ड्यूटी बदलून घेतली होती. म्हातारा थाळी मांडीवर धरून खिडकीशी बसला. पूर्णा जंक्शनात एका माणसानं थाळीत पाच पैसे टाकले, तेव्हा मामांना त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. बाकी वाटभर त्यांचं भाषण चालू होतं. सुई म्हणजे काहीच नाही, मुंगी चावल्यासारखं, डोळे झाकून दहापर्यंत म्हणायचं की झालं. अर्धा डबा ऐकत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सोनाबाईची जखम पाहिली, नीट धुतली म्हणून शाबासकी दिली आणि चौदा इंजेक्शनांचं समजावून सांगितलं. मग त्यांची नजर मामांच्या हातांकडं गेली. आदल्या दिवशी कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावताना मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. "हे काय? तुम्ही त्या कुत्र्याला शिवलात?"

"त्याला न्हाई. आमच्या गार्डसाबला उचललं."

"म्हणजे त्या झटापटीनंतर? मग पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ त्याच्या अंगावर असणारच, आणि तुमच्या हातावर अशा ताज्या जखमा. तुम्हालाही घ्यावी लागतील. सगळी."

माझ्या मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतक्या लोकांना या दारापर्यंत ओढून आणणारा हा माणूस स्वतः सुईला भीत होता, आणि ही गोष्ट मामींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. "साहेब, मी सरकारी नोकर हाय," ते म्हणाले. "मग सरकारीच इंजेक्शन आहे," डॉक्टर म्हणाले. मामा दाराकडं सरकायला लागले. तेव्हा ती मघापासून रडणारी सोनाबाई पदर खोचून पुढं झाली. "भाऊ, पळू नका. मी आधी घेते, तुमी बघा."

"बघूनच तर चक्कर यायलीय, बाई."

"मग बघू नका. माझा हात धरा. दहापर्यंत म्हणा."

मामा चारपर्यंत गेले आणि बाकावर आडवे झाले. म्हाताऱ्यानं आपल्या थाळीनं त्यांना वारा घातला.

सुट्टी संपायची होती, तरी मी परभणीच्या खोलीवर येऊन राहिलो. रोज ही तिघं गाडीनं यायची, मी स्टेशनावर न्यायला जायचो. पोट सुजलेलं, ताप अंगात. मामा आणि सोनाबाई एकमेकांना धरून चालत. आज पोटाच्या उजव्या बाजूला सुई कुणाला आणि डाव्या बाजूला कुणाला, यावर त्यांच्यात वाद व्हायचे. थाळीही यायची. पण आता तीत मामींनी दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असे, आणि दवाखान्याच्या लिंबाखाली चौघं तीतच जेवत. बाबाचं नाव म्हाताऱ्यानं पुन्हा काढलं नाही.

गार्डचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरला होता. पूर्ण्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "खरं तर आत्ताच झोपवलेलं बरं. तुमच्याच्यानं होत नसेल तर चांगले सहा महिने वेगळं बांधा. कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा." मामांच्यानं ते झालं नाही. क्वार्टरच्या मागं त्यांनी रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचं मजबूत आवार केलं, गार्डला आत साखळीनं बांधलं, अन्नपाणी लांब बांबूनं सरकवायचं ठरवलं, आणि तो नियम स्वतः पाळला. गार्ड शेपूट हलवायचा, कुंई कुंई करायचा. मामा चार हातांवर बाज टाकून बसायचे. जवळ जाता येत नाही म्हणून बोलत राहायचे. "गार्डसाब, पॅसेंजर गेली. अर्धा तास लेट. मालगाडीला आज लय डबे होते, तुमी असता तर दमला असता." मी एकदा म्हणालो, "मामा, चांगला दिसतोय की. जरा थोपटा." ते माझ्यावर उखडले. "मी लोकाला सांगायलो आन् मीच शिवू? मग माझं कोण ऐकल?" मान वळवून त्यांनी डोळे पुसले.

दुसरा महिना लागला होता. एका सकाळी गाडी गेली आणि गार्ड आतूनच भुंकला. आवाज फाटलेला, घोगरा. मामा झेंडी हातात घेऊन फलाटावर उभे होते, ते तसेच मागं आले. पाणी तसंच होतं. गार्ड साखळी चावत होता, आणि मामांकडं ओळख नसल्यासारखं बघत होता. मामांनी कुणाला ओरडून बोलावलं नाही. मामींना घरात बसायला सांगितलं, पोरांना लांब पाठवलं आणि पूर्ण्याला निरोप धाडला. डॉक्टर आले. लांब दांड्याच्या फासानं त्याला धरून त्यांनी इंजेक्शन दिलं. मामा त्या वेळी आवाराबाहेर उभे होते. "जिम्मेदारी पुरी झाली, गार्डसाब," एवढंच ते म्हणाले. मग खोल खड्डा खणला, आणि संध्याकाळच्या गाडीला ड्यूटीवर गेले. घरातल्या, गल्लीतल्या एकाही माणसाला गार्डचा ओरखडा लागला नव्हता. हे मला मामींनी सांगितलं.

त्यानंतर कितीतरी दिवस ते कमी बोलत. लंगडणाऱ्यांना न अडवता जाऊ देत. मामींना खोकला आला तरी इंजिनाकडं नेत नसत, आणि मामींना त्याचंच वाईट वाटे.

दिवाळीच्या आसपास सोनाबाईनं गावात घरोघर जाऊन सांगितलं, की गुरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना आधीच सुई टोचून घेता येते, आणि ज्याला कुत्रं पाळायचंय त्यानं कुत्र्याला ती द्यावीच. तिच्या पायावरची खूण बघून लोक ऐकत. ठरल्या दिवशी चुडाव्यातून पूर्ण्याकडं कुत्र्यांची वरातच निघाली. कुणी सुतळीनं बांधलेलं, कुणी खांद्यावर घेतलेलं, कुणी बैलगाडीत तुरीच्या पाल्यावर बसवलेलं. वाटेनं सगळी एकमेकांवर भुंकत होती आणि मालक एकमेकांची माफी मागत होते. मी त्या दिवशी चुडाव्यातच होतो, म्हणून मीही गेलो.

दवाखान्यापुढं लांब रांग लागली. रांगेच्या शेवटी मला मामा दिसले. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल, हात मोकळे. एकेक कुत्रं पुढं सरकत होतं, तसे तेही सरकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. "तुमचं कुत्रं कुठंय?"

मामा इकडंतिकडं बघायला लागले. "न्हाई... मी असाच आलो."

पुढं उभी असलेली सोनाबाई मागं वळली. मेंढरांमागची दोन दांडगी कुत्री तिच्या दोन्ही हातांना हिसके देत होती. त्यातल्या एकाची दोरी तिनं मामांपुढं धरली. "हे तेवढं धरा, भाऊ. मला दोन आवरनात."

मामांनी दोरी मनगटाला गुंडाळली, खाली वाकले आणि त्या कुत्र्याच्या कानाशी काहीतरी बोलायला लागले. सोनाबाईनं दोरी परत मागितली नाही, आणि आम्ही सगळे मग ऊन कलेपर्यंत उगीचच तिथं थांबलो.