मामाने लाल रेघ पुन्हा मारून घेतली

"रस्ता रुंद होणार, पण आपला झोपाळा वाचला! ये आता उंधियू खायला," असा मामीचा फोन आला आणि मी पुण्याहून बडोद्याचं रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. उंधियूसाठी मी कुठेही जाते. थंडीत निघालात तर शाल मात्र न्या.

स्टेशनवरून मामाच्या समा भागात जायला रिक्षा सहज मिळते, फक्त भाडं आधी ठरवा. वाटेत सेव उसळ खाल्ली. तर्री मागताना फार शौर्य दाखवू नका. मी दाखवलं आणि नाक पुसत घरी पोचले. मामी व्हरांड्यात झोपाळ्यावर महाराणीसारखी बसली होती. गुडघे गेल्यापासून तिचं जग तेवढंच. भाजी तिथेच निवडायची, संध्याकाळचा चहा मामाशेजारी तिथेच आणि सोसायटीच्या चौकशाही तिथूनच. मोजणीवाल्यांनी फरशीवर मारलेली लाल रेघ झोपाळ्याच्या पुढ्यातच थांबली होती. रेघेबाहेरचं रस्त्याला जाणार, आतलं आपलं.

मामा मात्र टेप घेऊन ओणवा. रस्त्यांसाठी, कारखान्यांसाठी लोकांच्या जमिनी मोजण्यात त्याची अख्खी सरकारी नोकरी सरली.

"चुकलेत लेकाचे," तो म्हणाला. "रेघ झोपाळ्याच्या मागून जायला हवी."

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" मामी कडाडली. मग माझ्याकडे वळून, "स्वतःचं घर पाडून घ्यायची एवढी घाई कुणाच्या नवऱ्याला असते गं?"

दुसऱ्या दिवशी मामाने मला स्कूटरवरून जवळच्या कोयली गावाला नेलं. बाजवामार्गे जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधा, टँकरांची रांग असते. मामा प्रत्येक टँकरला शिव्या घालत होता. तिकडे त्याचे जुने स्नेही रमणभाई राहतात. त्यांचं शेत मामानेच कारखान्यासाठी मोजलं होतं, आणि दोस्ती तिथूनच झाली! अशी माणसं बडोद्यातच भेटणार.

"आवो साहेब, बेसो!" रमणभाईंनी चहा मागवला आणि हसत हसत मला किस्सा सांगितला. त्यांच्या बाने, म्हणजे आईने, मामाला विनवलं होतं, रेघ जरा वाकवा, माझा कडुलिंब वाचेल. "साहेबे कह्युं, नियम बधा माटे सरखो!" नियम म्हणे सगळ्यांना सारखाच. मग हळूच म्हणाले, "बा पछी ए बाजू जोती ज नहीं." त्या बाजूला पुन्हा कधी बघितलंच नाही तिने.

मामाने अर्धा चहा तसाच ठेवला. येताना एकाही टँकरला शिवी नाही.

तिसऱ्या दिवशी मोजणीवाले आले. मामाने चूक दाखवली.

"छोडो ने काका, हिंचको बची गयो ने!" त्यांचा साहेब झोपाळ्याकडे बोट दाखवत हसला.

"परत मोजा," मामा म्हणाला. आणि टेपचं टोक त्याने साहेबाच्या हातात दिलं.

नवी रेघ झोपाळ्याच्या मागून गेली. मामी उठून आत निघून गेली. उंधियू झाला, पण मीठ राहिलं. ते सांगायची कुणाची छाती? मी निमूट दोनदा वाढून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी मला मामाचा भयंकर राग आला होता.

पुण्यात आल्यावर महिन्याभराने मामीचा फोन आला. व्हरांडा पाडला होता. झोपाळा हॉलमध्ये मावेना, म्हणून माळ्यावर चढवला होता.

"काय मिळवलं गं मामाने?" मी फणकारले.

"कपाळ! मी अजून धड बोलत नाही त्यांच्याशी." मग म्हणाली, "पण ती रेघ तशीच राहिली असती ना, तर हा माणूस त्या झोपाळ्यावर माझ्या शेजारी पुन्हा कधी बसला नसता."