माळवदावरची काळी माती

माझी प्रार्थना कधी छताच्या वर जात असेल, असं त्या वर्षी मला मुळीच वाटत नव्हतं. आमची ख्रिस्ती मंडळी अँग्लिकन वळणाची. सगळं पुस्तकातून म्हणायचं, ठरल्या जागी गुडघे टेकायचे, ठरल्या जागी आमेन. मी सातवी पास, सासरी सगळ्यांत शिकलेली. पुस्तक न बघता घडाघडा म्हणायचे. ओठ प्रार्थनेत आणि मन चुलीवरच्या डाळीत. देव आहे की नाही याचा निकाल मी एकविसाव्या वर्षी जवळजवळ लावूनच टाकला होता. एवढी अक्कल पुन्हा कधी आली नाही.

कमलनगरच्या पलीकडं, फाट्यावरचं आमचं छोटं गाव. इथल्या मंडळीनं तीन देवळं पाहिली. पहिलं निजामाच्या अमदानीतलं, म्हणजे लिंबाखाली अंथरलेली चटई. दुसरं वडीलधाऱ्यांनी स्वतः बांधलेलं, मातीच्या भिंतींचं, माळवदाचं. तिसरं आताचं दगडी. दुसरं पावसानं पडलं, एवढंच मंडळीच्या वहीत लिहिलंय. पाळकसाहेब माझं नाव लिहायला विसरले की त्यांनी दया केली, ते त्यांनाच ठाऊक. म्हणून मीच लिहिते.

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात जुना थर खरवडून काढायचा आणि गावाबाहेरच्या पांढरीवरून खारी माती आणून नवा चोपायचा. खारी माती पाणी आत येऊ देत नाही. काळी माती पाणी पिते, फुगते, जड होते. हे काम मंडळीतल्या बायकांचं आणि प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. आमचा वाटा मधल्या तुळईवरचा. सासूबाईंचे, म्हणजे अत्याबाईंचे, गुडघे धरलेले होते, म्हणून त्या वर्षी काम माझ्याकडं आलं. बीदर जिल्हा मैसूर राज्यात जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. ऊन मरणाचं, पांढरी मैलभर लांब, आणि ओढा देवळाच्या मागंच. मी जुना थर खरवडला नाही. त्यावरच ओढ्याकाठची काळी माती ओतली आणि वरून चुलीतली राख भुरभुरवली. कसं पांढरंशुभ्र दिसलं! शिकलेली ना मी.

खालून अत्याबाईंनी हाक दिली, "झालं का गं?"

"झालं, अत्याबाई."

"एवढ्यात?"

"मी हाय म्हणून."

भाद्रपदात चार दिवस झड लागली आणि नेमके त्या रविवारी बिशपसाहेब आले. तीन वर्षांतून एकदा यायचे, पोरांच्या दृढीकरणाला, म्हणजे डोक्यावर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करायला. देऊळ गच्च भरलं. अत्याबाई पुढं, बरोबर मधल्या तुळईखाली, मांडीवर माझी दोन वर्षांची लेक. मी मागं दाराशी. दारात पावसाच्या आडोशाला एक म्हातारा मेंढका उभा होता, डोक्यावर घोंगडी, मेंढरं बाहेर भिंतीला चिकटलेली.

पहिलं गीत चालू असतानाच वर कर्र झालं. कुणी मान वर केली नाही. मी केली.

"अक्का, तुळई बोलायलीय," मेंढका म्हणाला.

"हळू बोला. उपासना चालू हाय."

"लाकूड मोडायच्या आधी बोलतंय. वर काय टाकलाव?"

"खारी माती," मी म्हणाले. देवळाच्या दारात उभी राहून म्हणाले.

तेवढ्यात वरून ओलं ढेकूळ पडलं. त्यानं ते उचललं, अंगठ्यानं चोळलं आणि माझ्याकडं बघितलं. काळा झालेला अंगठा माझ्यासमोर धरला. 

मग मी प्रार्थना केली. त्या वर्षातली पहिली खरी प्रार्थना. देवा, एवढी उपासना होईस्तोवर तुळई धर. बिशपसाहेब गेले की मी रातोरात सगळी माती बदलते. देवाला मी हमाल समजले होते. त्यानं ओझं धरायचं आणि मी अब्रू. पुन्हा कर्र झालं, या वेळी लांबलचक. मी हललेसुद्धा नाही. मंडळीच्या पंचांच्या बायका काय म्हणतील, याचाच हिशेब मनात.

सगळी मंडळी गुडघ्यांवर गेली. पापाची कबुली सगळ्यांनी मिळून म्हणायची जागा आली होती. शंभर गळे एका सुरात आम्ही चुकलो म्हणत होते, आणि चुकलेली एकटी मी, तोंड मिटून. तेव्हा माझी लेक वर बघून हसली. तिनं ओंजळ पुढं केली आणि तुळईवरून ठिबकणारं काळं पाणी झेलायला लागली.

मी उभी राहिले. "बाहेर पळा! वर काळी माती हाय! मी टाकली, मी!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मेंढक्याला कळलं. घोंगडी फेकून तो आत घुसला, भिंतीशी टेकवलेली माळवदाची शिडी तुळईखाली उभी घातली आणि तिला खांदा दिला. "पळा की! का बघायलाव?" लोक दारातून, खिडकीतून निघाले. मी लेकीला उचलून कुणाच्या तरी हातात दिली. अत्याबाईंना उठवेना. मी एका बाजूनं आणि पांढऱ्या झग्यातले बिशपसाहेब दुसऱ्या बाजूनं, असं आम्ही त्यांना ओढत आणलं. शेवटी मेंढक्यानं उडी घेतली. मग देऊळ बसलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, म्हातारं माणूस खाली बसावं तसं बसलं.

कुणाला खरचटलंही नाही.

त्याला देवदूत म्हणावं, असं पुष्कळांनी सांगितलं. मी वाद घालत नाही. पण देवदूतानं आधी घोंगडी ढिगाऱ्यात गेली म्हणून भांडण काढलं. अत्याबाईंनी घरची नवी घोंगडी दिली तेव्हा गप्प झाला. दोन भाकरी खाल्ल्या, तंबाखू मागितली आणि मेंढरं हाकत गेला. पुढं पुष्कळ कळपांमागं जाऊन विचारलं. कुणी ओळख सांगितली नाही.

दृढीकरण त्या दुपारी लिंबाखाली झालं. दगडी देऊळ उभं राहायला पुढं सात वर्षं लागली, आणि पाया खणायला पहिली टिकाशी पाळकसाहेबांनी माझ्या हातात दिली. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून देवावर टाकणं, असं मला वाटायचं. टाकलं तर मी होतंच, माळवदावर. देवानं माझ्याकडून मागितलं ते वेगळं होतं: उभी राहा आणि खरं बोल. बाकीचं ओझं त्यानं कुणाच्या तरी खांद्यावर दिलंच.

अत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. "तू मारायला निघाली हुतीस मला," हे त्यांनी त्या अकरा वर्षांत रोज ऐकवलं, पाहुण्यांसमोर दोनदा. आणि दर वेळी भाकरी थापता थापता मी मनात म्हणायचे, देवा, त्यांचा आवाज अजून ऐकू येतोय, तुझे उपकार.