दाजींना नापास करणाऱ्या बाई

माझी ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांशी दाजींऐवजी मीच बोलत होतो. दाजी खुर्चीत बसून होते. मुळातच हा माणूस कमी बोलणारा. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. उभं आयुष्य उंच इमारतींच्या पोटातल्या त्या काळ्या बोळात, बरेचदा एकट्याने गेलेलं. लिफ्टच्या टपावर बसायचं, टॉर्च दातात धरायचा, पोलादी वायररोप हाताने चाचपायचे, ग्रीस लावायचं. वरून कोणी दार उघडून डोकावलं तर "बंद आहे" म्हणायचं. घरी आल्यावरही फार फरक नसायचा. ताई म्हणायची, "यांच्या वाटणीचंही मलाच बोलावं लागतं."

ती गेली आणि त्या घरातलं दोघांच्याही वाटणीचं बोलणं बंद पडलं. मी जायचो अधूनमधून. ओट्यावर एक कप पालथा, एक ताटली पालथी. बेडरूमचं दार लावलेलं. दाजी बाहेर सोफ्यावर झोपायचे. घर खायला उठतं म्हणतात, ते मी तिथे पाहिलं. मलाच अर्ध्या तासात बाहेर पळावंसं वाटायचं. ते तर तिथे राहत होते.

अशाच एका भेटीत ते म्हणाले, "मला गुहेतलं डायव्हिंग शिकायचंय."

मला वाटलं माझे कान वाजले. डायव्हिंग दोघांनाही येत होतं हे खरं. ताईच्या हट्टापायी लग्नानंतर दोघं समुद्रात शिकले होते आणि सुट्टी मिळाली की जायचे. पण गुहा म्हणजे जमिनीखालची, पाण्याने काठोकाठ भरलेली. डोक्यावर दगड. समुद्रात घाबरलं तर माणूस वर तरी येऊ शकतो. इथे ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने, बांधत नेलेली दोरी धरून, अंधारातून परत. पाठीवरच्या टाकीत असेल तेवढीच हवा.

"या वयात? कशाला पण?" मी विचारलं.

"तिथे सोबतच्या माणसाला सारखं आपल्याकडे लक्ष ठेवावं लागतं," ते म्हणाले. "आपला दिवा दिसला नाही तर तो मागे वळून शोधायला येतो. नियमच आहे तसा."

मी म्हटलं, "मग गुहा कशाला, दाजी? माझ्याकडे राहायला या, माझी बायको दिवसभर लक्ष ठेवील. माझ्यावर ठेवतेच आहे." ते हसले नाहीत. मी मात्र घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो.

माझी मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. शिकवणारा कसा पारखायचा हे मला थोडंफार कळतं, कारण या धंद्यातले बहुतेक लोक काय करतात ते मी जवळून पाहिलंय. म्हणून दाजींना सांगितलं, "तुम्ही एकटे जायचं नाही. मी येतो. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही आजवर किती जणांना नापास केलंत?"

पहिल्याचं दुकान काचेचं, आत गार हवा. भिंतभर फोटो, सगळ्यांत हाच मध्ये. त्याने दाजींच्या पाठीवर थाप मारली. "लिफ्टवाले? मग काय, अंधाराची भीती तर मेलेलीच आहे! तीन दिवसांत सर्टिफिकेट हातात देतो." दाजी शेवटचे पाण्यात कधी उतरले होते, सोबत कोण होतं, काही विचारलं नाही. पी हळद हो गोरी असा सगळा मामला. दाजींनी प्रश्न विचारला तेव्हा त्याने छाती फुगवली. "माझ्याकडे आजवर एकही नापास नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "माझ्याही शेजारच्या स्कूलमध्ये एकही नापास नाही. त्यांची मुलं रस्त्यावर दिसली की मी गाडी कडेला घेतो."

दाजी म्हणाले, "माणूस बोलका आहे पण."

दुसरीकडे एक बाई होत्या. गावच्या तरणतलावावर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गुहेचं शिक्षण. केस बारीक कापलेले, पायात रबरी चपला, बोलताना एकीकडे पाण्यातली पानं जाळीने काढणं चालू. त्यांनीच आधी प्रश्न विचारले. शेवटचं डायव्हिंग कधी? पाण्यात शिरून अर्ध्यातून परत फिरलात असं कधी झालंय? का फिरलात? पुढे कोणासोबत जाणार? या शेवटच्या प्रश्नावर दाजी जाळीतल्या पानांकडे बघू लागले.

मग दाजींनी आपला विचारला.

"बऱ्याच जणांना केलंय," बाई म्हणाल्या. "एक जण दुसरीकडून पास होऊन आला. माझ्याशी बोलत नाही आता. हे घ्या नंबर, पास झालेल्यांचे आणि नापासांचेही. विचारून बघा मी कशी आहे ते. एका वेळी दोघांनाच घेते. आणि पहिले काही आठवडे पाणी दिसणारसुद्धा नाही."

मी नापासांना फोन केले. एकाने बाईंना खडूस म्हटलं, दुसऱ्याने त्याहून वाईट काही. दोघांनीही शेवटी सांगितलं की शिकायचं असेल तर त्यांच्याकडेच जा. मला एवढं पुरेसं होतं.

दाजींच्या बरोबर दुसरं कोणी शिकायला आलं नाही. त्यामुळे जोडी म्हणून बाईंनी मलाच धरलं. मला पोहतासुद्धा येत नाही. पण पहिले धडे जमिनीवर. तलावाच्या मागच्या मोकळ्या जागेत बाईंनी पांढरी दोरी बांधलेली. झाडाला वळसा, मोडक्या खुर्चीखालून, सायकल स्टँडमधून, पाण्याच्या टाकीमागून. आम्हा दोघांच्या डोळ्यांवर मास्क, त्यांच्या काचांवर काळी चिकटपट्टी. दिवा विझला, पाणी गढूळ झालं असं समजायचं आणि दोरीवरून शेवटच्या खांबापर्यंत, म्हणजे गुहेच्या तोंडाशी, बाहेर यायचं. दाजी पुढे, एका हाताच्या बोटांत दोरी. मी मागे, त्यांचा दंड धरून. तोंडातून शब्द काढायचा नाही; दंड दाबला की थांबायचं, ढकललं की चालायचं.

दाजी काय सरसर चालले! दोर हा त्यांचा रोजचाच. मी खुर्चीवर आपटलो, स्टँडमध्ये अडकलो, ते मात्र लोण्यातून सुरी जावी तसे. टाकीमागे बाईंनी हळूच माझा हात त्यांच्या दंडावरून सोडवला, मला बाजूला नेलं आणि माझा मास्क काढला. तोंडावर बोट ठेवलं. मी बघत राहिलो. दाजी तसेच पुढे गेले. शेवटच्या खांबाला हात लावला, मास्क वर केला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

"तुमचा मेहुणा कुठाय?" बाईंनी विचारलं.

दाजींनी मागे पाहिलं. मग आपल्या दंडाकडे.

"सवय गेली," ते हळूच म्हणाले.

"नापास," बाई म्हणाल्या.

दाजी रागावले नाहीत, मी रागावलो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला म्हणून नव्हे. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं म्हणून. परतताना ते एवढंच म्हणाले, "तो हात कधी सुटला ते कळलंच नाही मला." त्यानंतर दाजी दर दोन दिवसांनी आमच्या घरी यायला लागले. गच्चीवर दोरी बांधायची, कपडे वाळत घालायच्या तारांमधून आम्ही दोघं आंधळे फिरायचो आणि बायको खालून ओरडायची.

दुसऱ्या परीक्षेला बाईंनी माझा हात सायकल स्टँडपाशी सोडवला. या खेपेस दाजी तिथल्या तिथे थांबले. माघारी वळले. एक हात दोरीवर, दुसरा हवेत फिरवत ते मला शोधायला लागले. मी चार हात लांब झाडाखाली उभा होतो, श्वाससुद्धा बेतानेच घेत. बाईंनी दाजींना आधीच सांगून ठेवलं होतं, "मी तुमच्या खांद्यावर टिचकी मारली की समजा, हवा आता परतण्यापुरतीच उरली." त्यांनी टिचकी मारली. दाजी शोधतच राहिले. पुन्हा मारली. ते गुडघ्यावर बसून खुर्चीखाली हात घालून बघत होते. शेवटी बाईंनीच त्यांचा मास्क काढला.

"संपली तुमची हवा," त्या म्हणाल्या. "आता आत दोघंही राहिलात."

"त्याला सोडून कसा येऊ?" दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज मला सहन होईना. ताईच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या. हा माणूस कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, मग तिसऱ्याकडे. ती घरी विचारायची, हे कुठे आहेत?

दाजी हात धुवायला गेले तेव्हा मी बाईंना गाठलं. "माणूस एकटा आहे हो. जरा सांभाळून घ्या ना."

"एकटा आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "एकट्या माणसाला परत यायची ओढ नसते. यांना तशी आहे की नाही, मला अजून दिसलेलं नाही. दिसेपर्यंत मी यांना आत नेणार नाही."

इतके दिवस मी फक्त गुहेला घाबरत होतो.

त्याच आठवड्यात काचेच्या दुकानवाल्याचा दाजींना फोन आला. शनिवारी एक जागा रिकामी आहे, थेट गुहेत. मी शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो, भांडायच्या तयारीनेच. बेडरूमचं दार उघडं होतं. दाजी पलंगाच्या पायाला दोरी बांधत होते.

"शनिवारचं?" मी विचारलं.

"त्याने विचारलंच नाही, कोणासोबत येणार म्हणून," ते म्हणाले. "दंड धर."

तिसऱ्या खेपेला बाईंनी माझा हात अगदी सुरुवातीलाच, झाडापलीकडे सोडवला. दाजी थांबले, वळले, शोधू लागले. दोरी न सोडता, हात लांब करून, एकेक बाजू. एकदा त्यांची बोटं माझ्या शर्टाच्या इतकी जवळून गेली की मला पुढे व्हावंसं वाटलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने दाजींच्या खांद्यावर टिचकी मारली.

दाजी थबकले. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, दोरी बोटांत पकडली आणि बाहेरच्या दिशेने चालू लागले. सावकाश, प्रत्येक गाठ चाचपत. खांबाला हात लागला तसे ते तिथेच मातीत बसले. मास्क डोळ्यांवरच होता. त्याच्या कडेखालून पाणी ओघळत होतं.

मी धडधाकट तिथेच उभा होतो. दाजी माझ्यासाठीच रडतायत, असं मला क्षणभर वाटलं.

"मी तिला खूप शोधलं," दाजी म्हणाले. "मग मला निघावं लागलं."

बाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. मास्क काढायची त्यांनी घाई केली नाही.

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "असंच बाहेर यायचं."