सही फक्त माझी

आमचं सासर नेऱ्याचं. तिथला सामाईक जमिनीचा तुकडा विकायचा तर तेरा जणांच्या सह्या लागतात आणि तरी चौदावा कुणीतरी रुसतोच. त्यामुळे माझ्या डाव्या स्तनातली वाटाण्याएवढी गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा पनवेलच्या आमच्या हॉलमध्ये बैठक बसली याचं मला नवल वाटलं नाही. संताप मात्र आला.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं: गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढू, मग काही आठवडे रेडिएशन. बाकी स्तन राहील. मला ते हवं होतं. माझं शरीर मला आवडतं. पन्नाशीत हे सांगायला मी लाजत नाही.

मोठे भावजी पंख्याकडे बघत म्हणाले, "त्ये सगलंच काढून टाकावं. अर्धं ठेवायचं नाय."

"वहिनी, या वयात कशाला हवंय?" धाकटा दीर.

"तुम्ही या वयात केस काळे कशाला करता?"

त्याचा हात केसांकडे गेला. मोठ्या जाऊबाई मात्र हटल्या नाहीत. "काढून टाक गो बाय, डोक्याचा ताप जाईल," हे त्यांनी चहाच्या प्रत्येक फेरीला ऐकवलं. आणि माझा नवरा? तो टीव्हीच्या रिमोटला रबर बँड गुंडाळत होता.

आठ दिवस हेच. शेवटी सगळं दळण घेऊन आम्ही सात जण डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसलो. खुर्च्या दोनच. एकीवर भावजी बसले.

"पेशंट कोण?" बाईंनी विचारलं.

"मी उभी आहे," मी म्हटलं.

भावजींनी घसा साफ केला. "थोडं ठेवलं आनि पुन्ना झालं, तर जबाबदार कोन?"

"पूर्ण काढलं तरी पुन्हा होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "यांची गाठ लहान आहे. रेडिएशन नीट घेतलं, तर आयुष्याच्या हिशोबानं दोन्ही सारखं."

त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. भावजींनी सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"तुमची नको. यांची."

"आनि आमी कुठं करायची?"

"कुठंच नाही."

मी सही केली. आठ दिवस भांडून मिळवलेली ती सही, पण अशी वाकडी उमटली की बँकेनं चेक परत पाठवला असता. चुकलं तर आता शिव्या घालायलाही कुणी उरलं नव्हतं.

बाहेर बाकावर जाऊबाई माझ्याशेजारी बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत होत्या.

"माजी पिशवी काढली ना," त्या म्हणाल्या, "तवा मला कुनी इचारलं नवतं गो. कागदावर सही ह्यांनीच केली."

भावजी घड्याळ बघत म्हणाले, चला, उशीर होतोय. बाकीचे गेले, गाडीत जाऊन बसले, दोनदा हॉर्न वाजवला. आम्ही दोघी काही उठलो नाही.