टोकाचा बारीक दाणा

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी फोन वाजतो आणि तो माझ्यासाठी कधीच नसतो.

"आडवा सात चुकलाय," पलीकडून कुणीतरी खेकसतं.

आमची ही एका वर्तमानपत्राला रोजचं शब्दकोडं करून देते आणि कोड्याखाली तक्रारीसाठी आमच्या घरचा नंबर छापतात. कल्पना तिचीच. आपण चुकलो तर शिव्याही आपणच खाव्यात, असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात शिव्या मी खातो, कारण नेमकी त्या वेळी ती आंघोळीला गेलेली असते. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आता उतारवयात आडवे-उभे शब्द निस्तरतोय.

तिची कामाची एक तऱ्हा आहे. वस्तू हातात घेतल्याशिवाय ती व्याख्या लिहीत नाही. शब्द 'कंगवा' असेल तर कंगवा घेऊन बसेल, 'चाळणी' असेल तर चाळणीतून माझ्याकडे बघेल. शब्दकोशातली व्याख्या तिला शिळी वाटते. "वाटाणा म्हणे एक द्विदल धान्य! ही काय ओळख झाली? उद्या मला कुणी एक द्विपाद प्राणी म्हणेल."

"म्हणायला हरकत नाही," मी म्हणालो. त्या दिवशी चहा माझा मलाच करावा लागला.

हे वेड तिच्या आईने लावलेलं. वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या असल्या की आई दोन्ही मुलांना समोर बसवायची आणि सोलता सोलता एखाद्या वस्तूचं वर्णन करायची. जो आधी ओळखेल त्याच्या तोंडात दाणा. पातेल्यात कमी आणि पोटात जास्त जायचे, असं माझा मेहुणाच एकदा सांगत होता. हा हिचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. हिचं कोडं सोडवल्याशिवाय तो पहिल्या गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायचा नाही. चूक सापडली की फोन ठरलेला. दोघं तावातावाने भांडायची आणि दिवस छान जायचा.

मग आई आजारी पडली. ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांनी मुलांवर सोडलं. तो नको म्हणाला, ही हो म्हणाली. आई टेबलावरून परत आली नाही. दवाखान्याच्या जिन्यात, चार लोकांदेखत, तो हिला म्हणाला, "तू मारलंस तिला."

त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. ही दुकानात गेली की तो आतल्या खोलीत निघून जायचा. निरोप पाठवले, त्यांनाही वाटाण्याच्या अक्षता. मला त्याचा असा संताप यायचा की सांगायची सोय नाही. हिला मात्र संताप येत नव्हता, हीच माझी तक्रार होती. तिला वाटायचं, तो म्हणतो ते खरं असेल तर?

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. आंघोळ लांबणीवर, फोन वाजला की माझ्याआधी धाव. आणि कोड्यात वाटाणे शिरले. आधी 'शेंग', मग 'मटार', मग 'टरफल', मग 'नकार देताना ज्याच्या अक्षता लावतात तो'. वर्तमानपत्राच्या पुरवणीचे साहेब म्हणाले, "बाई, कोड्यात भाजीबाजार नको." पण ती ज्याची वाट बघत होती त्याचा फोन काही येईना. हळूहळू वाटाण्याचे शब्दच संपत आले.

एका संध्याकाळी कच्चं कोडं माझ्यापुढे टाकून ती खिडकीपाशी गेली, तिथून दाराशी, दारातून पुन्हा खिडकीपाशी. मी वाचलं : 'शेंगेच्या टोकाचा अगदी बारीक दाणा (तीन अक्षरे)'. उत्तर होतं 'टिचकू'.

"हा शब्द कुठल्या कोशात आहे?"

"नाहीये. आई म्हणायची."

"अगं, मग लोक सोडवणार कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी एक दिवस सोसावं."

कोडंकाराने करू नये अशी एकच चूक असते, ती तिने डोळे उघडे ठेवून केली. मी अडवलं नाही. तिची तगमग बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनने जीव खाल्ला. एक आजोबा भडकले. रात्रपाळी करून आलेली एक नर्स काकुळतीने म्हणाली, "काका, उत्तर सांगा, मला झोपायचंय." साहेबांनी तर हिचं कोडं यापुढे तपासल्याशिवाय छापणार नाही, असं बजावलं. ही नुसतं "हो, हो" म्हणत होती. साहेबांनी फोन लवकर ठेवावा, एवढीच तिची धडपड.

पुन्हा वाजला. मी उचलला. पलीकडून ओळखीचा आवाज आला.

"भावोजी, टोकाचा नव्हे."

मी घाईने स्पीकर लावला.

"टिचकू टोकाला नसतो. दोन मोठ्या दाण्यांमध्ये चेपलेला असतो तो. व्याख्या चुकलीय, सांगा तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तोंड शिवून बसला आणि उघडलं ते चूक काढायला! पण हिने फोन ओढून घेतलाच होता.

"टोकाचाच! आई टोकाचा म्हणायची."

"मधला! तुला काय माहीत, तू सोलायचीस कमी, खायचीस जास्त."

"आणि तू रे?"

दोघं पोरांसारखी भांडली. भांडण ओसरलं तसा हिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"ठेवू नकोस रे," ही म्हणाली.

"ठेवत नाहीये," तो म्हणाला. "डॉक्टरांनी आपल्याला विचारलं त्याच्या आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली होती, करून टाकू दे ऑपरेशन, असं पडून राहायचं नाही मला. तू हो म्हणायच्या आधीच तिचं ठरलं होतं."

ही खुर्चीत बसली.

"मग मला का रे बोललास तसं?"

"तुझ्यावर ढकललं की मला उभं तरी राहता येत होतं. मग रोज वाटायचं, आज सांगू. जितका उशीर होत गेला तितकं जड होत गेलं."

माझ्या तोंडात त्याच्यासाठी चार शब्द तयार होते, एकही छापण्याजोगा नाही. हिने न बघताच हात वर करून मला थांबवलं.

"घाबरली होती का रे ती?"

"नाही," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो, ताई."

मी स्पीकर बंद केला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.