दोष सुताचा

गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, सूत तुटलं की खात्याचा मास्तर बाबांच्या हाताला दोष द्यायचा. बाबा म्हणायचे, सूतच कच्चं येतंय. कुणी ऐकलं नाही. संपानंतर गिरणीच बंद पडली.

पुढे मी प्रयोगशाळेत कोळीकिड्यांचे धागे ताणून तोडू लागले. धाग्याच्या प्रथिनातल्या घटकांचा क्रम जरा बदलला की एक धागा भक्कम निघतो, दुसरा पटकन तुटतो. मोठ्या तोऱ्यात लालबागच्या खोलीत बाबांना सांगितलं, "तुमचं बरोबर होतं. ताकद धागा बनतानाच ठरते."

गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमधली जळमटं काढून ते नुकतेच आले होते.

"मास्तर तिथेच राहतो," ते म्हणाले. "आज म्हणाला, जळमटं अर्धी राहतात, तुझा हातच बरोबर नाही."