दहा वार आणि एक लाल गाठ

मिलवॉकीच्या दक्षिण भागात, लिंकन अव्हेन्यूच्या आसपास, बर्नडीन पावलाकच्या हातचा एकही टाका नाही असं घर शोधून सापडायचं नाही. लग्नाचे झगे, पाद्र्यांचे अंगरखे, शाळेच्या बँडचे पितळी गुंड्यांचे कोट, सगळं तिच्या शिलाईयंत्राखालून गेलेलं. एकोणचाळीस वर्षं तिने मापं घेतली, आणि मापाच्या बाबतीत ती स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवायची नाही. एकदा मोजायचं, पुन्हा मोजायचं, टाचणी लावायची आणि टाचणीच्या जागी एक कच्चा टाकाही घालून ठेवायचा, कारण टाचणी पडते. गिऱ्हाइकं कंटाळायची. कंटाळोत बापडी, झगा तर अंगावर बसायचा.

तिचा नवरा कॅझ बिअरच्या कारखान्यात पिंपं हलवायचा, आणि पानगळीच्या दिवसांत दर शनिवारी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला साखळी धरायचा. संघाने चार डावांत दहा यार्ड, म्हणजे आपले दहा वार, मजल मारली तर चेंडू त्याच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याला द्यावा लागतो. ते दहा वार मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेली साखळी. मैदानावर दर पाच वारांवर पांढरा पट्टा मारलेला असतो. साखळी त्यातल्या एका पट्ट्याच्या समोरून जिथे जाते, नेमक्या त्या कडीला एक चिमटा लावायचा. मोजायची वेळ आली की काठ्या उपटून साखळी आत न्यायची, चिमटा त्याच पट्ट्याच्या मागच्या कडेवर टेकवायचा आणि ताणायची. तो चिमटा सत्तावीस वर्षं कॅझकडे होता.

चौऱ्याऐंशी साली कॅझ हृदयविकाराने गेला. दफनानंतर आठवड्याने हर्शेल टेट घरी आला. हर्शेल सिटी बसचा जुना ड्रायव्हर, आपल्या चर्चचा कारभारी आणि साखळीवाल्यांचा म्होरक्या. त्याने चिमटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मग तोंड उघडलं. "कॅझ नेहमी म्हणायचा, मोजावं तर आमच्या बर्नीने. येतेस का?"

ती गेली. आणि गेली ती आपली खोड बरोबर घेऊनच. चिमटा लावून झाला की त्याच कडीत ती लाल दोऱ्याची एक गाठ मारायची. पुढच्या वेळी साखळी सरकली की गाठ एका ओढीत सोडायची आणि नव्या कडीत बांधायची. दोन सेकंदांचं काम. पण मागची काठी धरणाऱ्या वॉल्ट लेस्नियाकला तेवढंही बघवेना. वॉल्ट निवृत्त पोस्टमन. जन्मभर कुत्र्यांनी पिटाळल्यामुळे असेल, पण त्याची जीभ फार चुरूचुरू चालायची. "अगं बर्नी, साखळीला सर्दी होईल," तो म्हणायचा, "एखादा गळपट्टाही विण तिला."

थट्टेचं तिला काही वाटायचं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका शुक्रवारी मासे खायला सगळे क्लबात जमले होते, तेव्हा वॉल्ट कुणाला तरी सांगत होता की बाईला आम्ही ठेवलंय ते दयेपोटी, कॅझची आठवण म्हणून. बर्नडीन मागच्याच टेबलावर होती. ते तिच्या काळजात रुतलं. तिने मासा संपवला, बिल दिलं आणि घरी जाऊन मध्यरात्रीपर्यंत कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत बसली. दया, एवढा एकच शब्द. तो खोटा पाडायचा कसा, हे मात्र तिला कळत नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात शहराला मोसमाअखेरचा एक मोठा सामना मिळाला. दूरदूरच्या दोन कॉलेजांचे संघ येणार, टीव्हीवर दिसणार. मैदान म्हणून बेसबॉलचं स्टेडियम ठरलं. गोलंदाजाचा उंचवटा खरवडून सपाट केला, तांबड्या मातीवर हिरवळीच्या वळकट्या अंथरल्या, आणि फुटबॉलचं लांबट मैदान त्या पंख्याच्या आकाराच्या जागेत तिरकं कोंबलं. एका बाजूला मोकळीक भरपूर, म्हणून दोन्ही संघ तिकडेच शेजारीशेजारी उभे. दुसऱ्या बाजूला प्रेक्षकांची भिंत इतकी जवळ की कडेच्या रेषेपासून तीन पावलांवर लोकांचे गुडघे. साखळीवाले या बाजूला.

सामन्याच्या सकाळी संयोजकांचे व्हिटकॉम्बसाहेब उंटाच्या रंगाचा कोट घालून आले आणि सगळ्यांना गळ्यात अडकवायचे बिल्ले वाटले. बर्नडीनच्या बिल्ल्यावर छापलं होतं: मिसेस कॅझ पावलाक. साहेबांनी बिल्ला पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि हर्शेलला बाजूला घेऊन विचारलं की टीव्हीवरच्या सामन्यात चिमट्यावर बाई कशी काय. हर्शेलचा आवाज बसमध्ये तीस वर्षं घुमलेला, त्यामुळे बाजूला घेऊन काही उपयोग झाला नाही. तो म्हणाला, ती नसेल तर आम्हीही घरी जातो, साखळी तुम्हीच धरा.

साहेबांनी माघार घेतली, पण पूर्ण नाही. त्यांचा स्वतःचा एक तरणाबांड माणूस नवं जाकीट घालून भिंतीशी उभा राहणार होता. पहिली चूक झाली की बाई बाहेर, हा आत. शिवाय साहेबांना दोऱ्याची खबर कुठून तरी लागली होती. "आणि तो दोरा-बिरा इथे चालणार नाही, मिसेस पावलाक. नियमांत नाही."

"बरं," बर्नडीन म्हणाली.

दोन सत्रं तिने शब्द पाळला. थंडी अशी की कॉफी कपातून तोंडाशी नेईपर्यंत निवायची. ती बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे घालून चिमट्याकडे टक लावून उभी होती. तिसऱ्या सत्रात थंडीने आखडलेली चिमट्याची कमान सुटली आणि चिमटा तिच्या डोळ्यांदेखत गवतावर पडला. तिने तो झटक्यात उचलून त्याच कडीला लावला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. जाकीटवाल्याची पाठ वळल्यावर तिने अंगातल्या कॅझच्या जुन्या कोटाच्या खिशातून रीळ काढलं आणि गाठ मारली. पुढच्या प्रत्येक वेळीही मारली. वॉल्टने ते पाहिलं, आणि नवल म्हणजे तो काहीच बोलला नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली. दोघांपैकी क्लेबर्न कॉलेज तीन गुणांनी मागे. चौथा डाव, हवे होते जेमतेम दीड वार. नाही मिळाले तर सामना तिथेच संपला. त्यांचा गडी चेंडू काखेत मारून नेमका भिंतीच्या बाजूने पळत सुटला, दोघांनी त्याला धरलं, आणि ते तिघं साखळीवाल्यांच्या अंगावर येऊन कोसळले. दोन्ही काठ्या उडाल्या. वॉल्ट पाठीवर जाऊन भिंतीवरून उलटा झाला आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या मांडीवर, तिच्या सॉसेज आणि आंबट कोबीसकट, स्थानापन्न झाला. कुणाच्या तरी खिळ्यांच्या बुटाखाली येऊन चिमटा टणकन उडाला तो गेलाच.

गडी रेषेबाहेर गेला ती जागा एका पंचाने पायाने धरून ठेवली होती. पण मोजायचं कुठून? मुख्य पंच आला. हर्शेलने सांगितलं, पट्टा पस्तिसाचा होता. तो सगळ्यांनाच माहीत होता. पण त्या पट्ट्यावर कोणती कडी टेकवायची? मोहरीच्या चटणीने माखलेला वॉल्ट भिंतीवरून हात करून म्हणाला, माझी काठी इथे होती. जाकीटवाला म्हणाला, छे, हातभर मागे. पलीकडे दोन्ही प्रशिक्षक एकमेकांपासून चार हातांवर, त्यामुळे पंचांवर ओरडता ओरडता ते एकमेकांवरच ओरडू लागले. टीव्हीचे कॅमेरे साखळीवाल्यांच्याच डोक्यावर, वरच्या सज्जात. भिंतीच्या पायथ्याचं त्यांना काय दिसणार? व्हिटकॉम्बसाहेब धावत आले आणि बर्नडीनकडे असं पाहू लागले की जणू चिमटा तिनेच गिळला होता.

गप्प बसली असती तर तिला दोष कुणी दिला नसता. अपघात तो अपघात. पंचांनी अंदाजाने जागा ठरवली असती. पण अंदाजाने ठरलेलं माप बर्नडीन पावलाकला जन्मात सहन झालं नव्हतं.

"दोरा आहे," ती म्हणाली.

"मी मनाई केली होती," साहेब म्हणाले.

"केली होती. तरी मी बांधला."

मुख्य पंचाने साहेबांना हातानेच थांबवलं. "नक्की चिमट्याच्याच कडीत, बाई?"

"चिमटा लावते आणि त्याच कडीत गाठ मारते. चुकून पुढच्या कडीत गेली, असं एकदाही झालेलं नाही. सव्वाशे झग्यांची शपथ घेऊन सांगते, हवं तर."

पंच हसला नाही, पण त्याने मान हलवली. ती गुडघ्यांवर बसली आणि चिखलात लडबडलेली साखळी कडी-कडी करत बोटांतून सोडू लागली. थंडीने बोटं बधिर झाली होती. पण दोरा ओळखायला तिला डोळ्यांची गरज कधी नव्हतीच. बोटांना गाठ लागली. तिने थुंकी लावून चिखल पुसला, आणि लाल रंग वर आला.

साखळी आत गेली. पस्तिसाच्या पट्ट्याच्या मागच्या कडेवर तिने ती कडी टेकवली, आपल्या अंगठ्याखाली दाबून धरली. वॉल्ट लंगडत येऊन मागच्या काठीला लागला. पुढे हर्शेलने दुसरी काठी हातात घेऊन साखळी ताणली. तीस हजार माणसं वाकून बघू लागली. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. दोन बोटं, फार तर अडीच. मुख्य पंचाने हात लांब करून पुढची दिशा दाखवली आणि ते जुनं स्टेडियम बुडापासून हादरलं.

दुसरा चिमटा कुणी आणलाच नव्हता. उरलेली दोन मिनिटं सगळा हिशेब त्या लाल दोऱ्यावर चालला, उघड, सगळ्यांसमोर, आणि जाकीटवाला खिशात हात घालून पाहत राहिला. क्लेबर्नने शेवटच्या बारा सेकंदांत चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेला आणि सामना जिंकला. बर्नडीनला क्लेबर्नशी काही देणंघेणं नव्हतं, हे कॉलेज नकाशात कुठे आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी तिच्या छातीत आनंद मावेना. भिंतीवरचे लोक वाकून तिच्या खांद्यावर थापा मारत होते, सॉसेजवाल्या बाईने तर तिच्या गालाचा मुका घेतला.

गर्दी ओसरल्यावर व्हिटकॉम्बसाहेब अहवालाचा कागद घेऊन आले. त्यांचा आवाज खाली आला होता. मापाचा प्रसंग लिहायचा आहे, म्हणाले, आणि तिच्या बिल्ल्याकडे बघत लिहायला लागले, "मिसेस कॅझ..."

"तसं नाही लिहायचं," मागून वॉल्ट म्हणाला. त्याच्या कोटावरचा आंबट कोबी अजून तसाच होता. "कॅझला बुटाची गाठसुद्धा धड मारता येत नव्हती. हिचं नाव लिहा."

साहेबांची लेखणी थांबली. वॉल्ट जमिनीकडे बघत होता. हर्शेल साखळी गुंडाळत होता आणि गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होता. बर्नडीनने गळ्यातला बिल्ला काढून कॅझच्या कोटाच्या खिशात, रिळाशेजारी ठेवला.

"बर्नडीन पावलाक," ती म्हणाली. साहेबांनी लिहिलं. तिने ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. मग तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं.